बोअरचं मशीन, समुद्राची गाज आणि ज्वालामुखीची बेटं

१५ जानेवारी २०२२. सिद्धेश्वर यात्रेचे दिवस, पण त्या वर्षी कोरोनाची बंधनं असल्यामुळे गड्ड्यावर नेहमीची गर्दी नव्हती. त्या रात्री नऊच्या आसपास सोलापूरवरून एक लाट निघून गेली आणि कुणाला पत्ताच लागला नाही. पाण्याची नाही, हवेच्या दाबाची लाट. आपल्याकडे सकाळचे पावणेदहा वाजले होते तेव्हा पॅसिफिक महासागरात टोंगा देशाजवळचा हुंगा टोंगा-हुंगा हापाई नावाचा ज्वालामुखी फुटला, असा फुटला की राखेचा आणि वाफेचा लोट ५७ किलोमीटर वर गेला, आणि त्या दणक्याने हवेत उठलेली लाट ताशी अकराशे किलोमीटरहून जास्त वेगाने सगळ्या पृथ्वीभर पसरली. टोंगा ते सोलापूर सरळ अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर, भागाकार केला की अकरा तास येतात. हा हिशेब मी घरी बसून मोबाइलवर केलाय, पण जगभरच्या बॅरोमीटरवर ती लाट नोंदली गेली आहे ही काही माझी थाप नाही. फरक एक-दोन हेक्टोपास्कलचा, तो कानाला कळायचा नाही, यंत्राला मात्र बरोबर कळतो.

आता गंमत बघा, एवढा मोठा स्फोट झाला, पण समुद्राच्या वर त्या ज्वालामुखीची दिसत होती ती फक्त दोन चिंचोळी बेटं. स्फोटानंतर सॅटेलाइटच्या फोटोत त्यांचे दोन तुकडे तेवढे उरलेले दिसले आणि बरेच लोक म्हणाले की ठीक आहे, बेट उडालं, विषय संपला. खरा विषय पाण्याखाली होता. नंतर जहाजं गेली, त्यांनी सोनार लावून म्हणजे तळाकडे आवाज सोडून आणि त्याचा प्रतिध्वनी किती वेळाने परत येतो ते मोजून नकाशा काढला, तेव्हा कळलं की मधली कढई, म्हणजे ज्वालामुखीचा खोलगट भाग, जी आधी दीडशे मीटर खोल होती ती आता साडेआठशे मीटर खोल झालीय आणि जवळपास १० घन किलोमीटर माल जागचा हललाय. तो माल समुद्राच्या तळावरून ८० किलोमीटरच्या पुढेपर्यंत धावत गेला, वाटेत इंटरनेटची केबल तोडली आणि टोंगाचा जगाशी संपर्कच तुटला. यातलं काही म्हणजे काही वरून दिसलं नव्हतं.

ज्वालामुखीच्या बेटांचा सगळा प्रॉब्लेम इथेच आहे. जे दिसतं ते टोक, बाकीचा डोंगर पाण्यात, आणि धोका असतो तो बहुतेक वेळा त्या न दिसणाऱ्या भागातला. म्हणून तिथे जिओफिजिक्स लागतं, भूभौतिकी. दगड न फोडता, भोक न पाडता, आतून येणारे धक्के, वीज, चुंबकत्व, वजन, जमिनीचा कल असलं काय काय मोजायचं आणि त्यावरून आत काय चाललंय त्याचा अंदाज बांधायचा. अंदाज हा शब्द मुद्दाम वापरतोय, कारण या शास्त्रात छातीठोक सांगणाऱ्यापासून जरा लांबच राहावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तुम्ही म्हणाल सोलापूरला समुद्र नाही, बेट नाही, तर आपल्याला काय करायचंय. तर आपण ज्या काळ्या दगडावर, म्हणजे बसाल्टवर, घर बांधतो, ज्याची खडी रस्त्याला जाते, तो सगळा ज्वालामुखीचाच माल आहे. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरले आणि दख्खन तयार झालं, आपली काळी माती ही त्याच दगडाची झीज. आणि पृथ्वीच्या पोटातून वर येणाऱ्या ज्या उष्ण प्रवाहामुळे हे झालं असं बहुतेक भूशास्त्रज्ञ मानतात तो प्रवाह अजून चालू आहे, फक्त भारत त्याच्यावरून सरकत सरकत उत्तरेला निघून आला. मागे माग सोडत आला: लक्षद्वीप, मालदीव, चागोस, मग मॉरिशस आणि शेवटी रियुनियन. म्हणजे सोलापूरपासून जवळपास ४,८०० किलोमीटरवर हिंदी महासागरात फ्रान्सच्या ताब्यातलं जे रियुनियन बेट आहे त्याच्याखाली आपल्या बसाल्टची मूळ शेगडी पेटलेली आहे. तिथला पितों द ला फुर्नेझ हा ज्वालामुखी सरासरी आठ-नऊ महिन्यांतून एकदा तरी उफाळतो. शेजारी दोनशेएक किलोमीटरवर मॉरिशस, तोही त्याच घराण्यातला, आणि तिथे दीडशे वर्षांपूर्वीपासून मराठी माणसं राहतात, म्हणजे सह्याद्रीचा बसाल्ट सोडून गेलेली आपली माणसं परत त्याच प्रवाहाच्या बसाल्टवर जाऊन बसली.

हा उष्ण प्रवाह किती खोलवरून येतो हे बघायला २०१२-१३ मध्ये जर्मन आणि फ्रेंच लोकांनी रियुनियनच्या भोवती समुद्राच्या तळावर ५७ भूकंपमापक सोडले. ही यंत्रं जहाजातून पाण्यात टाकायची, ती तळाला जाऊन बसतात, वर्षभर जगभरच्या भूकंपांचे धक्के नोंदवत राहतात, आणि परत बोलवायचं झालं की वरून आवाजाचा सिग्नल द्यायचा, मग ती खालचं वजन सोडून तरंगत वर येतात. काही येतही नाहीत, तो या धंद्यातला हिशेबात धरलेला तोटा. भूकंपाच्या लाटा गरम दगडातून हळू जातात आणि थंड दगडातून वेगाने, त्यामुळे कुठली लाट किती उशिरा पोचली हे हजारो नोंदींतून जुळवलं की पोटातल्या गरम भागाचं चित्र उभं राहतं. त्यातून निघालं असं की खाली एक मोठं खोड आहे आणि वर येता येता त्याला फांद्या फुटल्यात, सरळ उभी नळी नाहीच. पुस्तकातल्या चित्रात अजून सरळ नळीच दाखवतात, ते एकदा बदलायला पाहिजे.

आता जरा गावाकडचं बोलू. आपल्याकडे उन्हाळ्यात बोअर मारायच्या आधी पॉइंट बघतात. एकतर पाणाड्या येतो, तळहातावर नारळ घेऊन नाहीतर कडुलिंबाची फांदी घेऊन शेतात फिरतो, नाहीतर मशीनवाला येतो. मशीनवाला जमिनीत एका रेषेत चार सळ्या ठोकतो, बाहेरच्या दोन सळ्यांतून करंट सोडतो, आतल्या दोन सळ्यांमध्ये व्होल्टेज मोजतो, मग बाहेरच्या सळ्या आणखी लांब नेतो, जितकं लांब तितकं खोलचं कळतं. कोरडा अखंड काळा पत्थर विजेला जाम अडवतो, भेगा पडलेला ओला मांजऱ्या किंवा मुरूम कमी अडवतो, आणि चिकणमाती तर अजिबातच अडवत नाही. त्यामुळे आकडा एकदम खाली आला तर पाणी असेल किंवा नुसता गाळ असेल, इथेच लोक फसतात. एका मशीनवाल्याने आमच्या मामांना सांगितलं होतं ते मला अजून पटतं, "मालक, मशीन वीज कुठं जातीय तेवढं सांगतंय ओ, पाणी हाय का माती हाय ते तुम्ही आणि मी ठरवायचं."

अगदी हेच तंत्र ज्वालामुखीच्या बेटांवर वापरतात, फरक एवढाच की तिथे पाणी शोधायला नाही तर डोंगर कुठे सडलाय ते शोधायला. ज्वालामुखीच्या आत गरम, आम्लाचं पाणी फिरत असतं, ते वर्षानुवर्षं दगडाला खाऊन त्याची चिकणमाती करून टाकतं. बाहेरून डोंगर धडधाकट दिसतो, आतून ओली माती झालेली असते आणि अशी बाजू एखाद दिवशी घसरते. कॅरिबियनमधल्या ग्वादलूप बेटावरच्या ला सूफ्रिएर डोंगरावर अशा सळ्या ठोकून, तारा ओढून आतला नकाशा काढलाय, कुठे ओलं, कुठे कडक. तिथे आणखी एक भारी उपाय केलाय तो म्हणजे म्युऑन. अवकाशातून येणारे कण हवेत आपटले की म्युऑन नावाचे कण तयार होतात, ते डोंगरातून आरपार जातात, पण जड दगडात जास्त अडकतात. डोंगराच्या एका बाजूला ते मोजणारं यंत्र ठेवलं की काही महिन्यांत डोंगराचा सरळ एक्स-रे मिळतो. म्युऑनचा अभ्यास आपल्याला नवा नाही, कोलारच्या सोन्याच्या खाणीत १९६० च्या दशकात आपल्या शास्त्रज्ञांनी याच कणांवर जागतिक दर्जाचं काम केलेलं आहे, तेव्हा डोंगर बघायला नाही, कणच बघायला.

सळ्या ठोकून काही शे मीटर खोलचं कळतं, त्याच्या खाली जायचं तर मॅग्नेटोटेल्युरिक्स म्हणून एक पद्धत आहे. यात करंट आपण सोडायचाच नाही, सूर्याकडून येणाऱ्या कणांमुळे पृथ्वीचं चुंबकी क्षेत्र सतत थोडंथोडं हलत असतं आणि त्याने जमिनीत आपोआप वीज वाहते, ती मोजायची. फुकटातला करंट. पण बेटावर याची मोठी अडचण होते कारण चारी बाजूंनी खारं पाणी, खारं पाणी विजेला दगडापेक्षा कितीतरी सोपं, त्यामुळे सगळ्या मोजणीत समुद्रच घुसतो आणि आधी तो हिशेबातून काढावा लागतो. चुंबकी मोजणीला माणसाचाही त्रास होतो. मुंबईची कुलाब्याची वेधशाळा बघा, ट्राम विजेवर चालवायचं ठरलं तेव्हा चुंबकी नोंदी बिघडतील म्हणून ते काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अलिबागला हलवलं, ते आजपण तिथे चालू आहे. अलिबागला बीचवर जाणाऱ्या किती लोकांना हे माहीत असेल कुणास ठाऊक.

मला स्वतःला सगळ्यात आवडलेली गोष्ट मात्र वेगळीच आहे आणि ती परत रियुनियनचीच आहे. समुद्राच्या लाटा रात्रंदिवस तळाला आणि किनाऱ्याला धडका देतात, त्याने सगळं बेट सतत अगदी बारीक थरथरत असतं. भूकंपमापकावर ही थरथर कायम दिसते आणि कित्येक वर्षं शास्त्रज्ञ तिला कचरा समजून बाजूला काढत होते, कारण त्यांना भूकंप बघायचा असायचा. मग कुणाच्या तरी लक्षात आलं की दोन ठिकाणच्या यंत्रांवरची ही थरथर बराच वेळ नोंदवून एकमेकांशी ताडून बघितली तर एका यंत्रापासून दुसऱ्यापर्यंत लाट जायला किती वेळ लागतो ते त्यातून निघतं. म्हणजे भूकंपाची वाट बघायची गरज नाही, सुरुंग उडवायची गरज नाही, समुद्र रोजच्या रोज मोजणी करून देतोय. पितों द ला फुर्नेझवर १९९९-२००० च्या जुन्या नोंदी घेऊन हे करून बघितलं तर उद्रेकाच्या आधी काही दिवस लाटांचा वेग कमी होत गेलेला दिसला. किती कमी? एक टक्क्याचा दहावा भाग, इतकाच. खालून मॅग्मा म्हणजे जमिनीखालचा वितळलेला दगड दाबत आला की दगडातल्या भेगा उघडतात आणि लाट रेंगाळते. २००८ साली हे छापून आलं तेव्हापासून जगभर ज्वालामुखीवाल्यांनी आपापल्या कपाटातला कचरा परत बाहेर काढलाय.

अर्थात यालाही भानगड आहेच, पाऊस पडला की जमिनीतलं पाणी वाढतं आणि वेग तसाही बदलतो. आणि रियुनियनचा पाऊस म्हणजे काय सांगू, २००७ च्या फेब्रुवारीत गामेड नावाचं वादळ आलं तेव्हा तिथल्या एका ठिकाणी तीन दिवसांत ३,९३० मिलिमीटर पाऊस पडला, हा जागतिक विक्रम आहे, आणि आपल्याकडे पाच-सहा वर्षांचा मिळून तेवढा होतो. तीन दिवसांत! असल्या ठिकाणी मॅग्मामुळे वेग बदलला का पावसामुळे हे वेगळं काढणं म्हणजे डोकेदुखी. त्याच वर्षी एप्रिलमध्ये तिथे मोठा उद्रेक झाला, लाव्हा खाली एका बाजूने निघून गेला आणि वरच्या दोलोमियू विवराचा तळ काही दिवसांत तीनशे मीटरहून जास्त खचला, टप्प्याटप्प्याने, आणि प्रत्येक टप्पा यंत्रांवर उमटत गेला.

फुगणं आणि बसणं हे मोजायचं शास्त्र त्यामानाने सोपं. मॅग्मा वर यायला लागला की ज्वालामुखी तव्यावरच्या भाकरीसारखा फुगतो, वाफ निघून गेली की बसतो. हे फुगणं डोळ्याला दिसत नाही. टिल्टमीटर नावाचं यंत्र असतं ते जमिनीचा कल मोजतं, आणि त्याचं माप मायक्रोरेडियनमध्ये, म्हणजे एक किलोमीटर लांबीची ताठ पट्टी घेतली आणि तिचं एक टोक फक्त एक मिलिमीटर उचललं तर जेवढा कल होईल तेवढा. हवाईच्या किलाउएया ज्वालामुखीवर १९१२ पासून वेधशाळा आहे, तिथे असले कल आयुष्यभर बघत बसणारी माणसं आहेत. सोबत जीपीएसची स्टेशनं असतात आणि वरून रडारचे सॅटेलाइट. सॅटेलाइट एकाच जागेवरून काही दिवसांच्या अंतराने दोनदा जातो, दोन्ही वेळच्या रडारच्या लाटा जुळवल्या की जमीन काही मिलिमीटर-सेंटिमीटर वरखाली झालेली कळते. बेटांवर यात घोळ असा की तिथे दाट झाडी, आणि पानं हलली की हिशेब बिघडतो. लांब लहरीचं रडार पानांतून खाली उतरतं, म्हणून ३० जुलै २०२५ ला इस्रो आणि नासाने श्रीहरिकोट्यावरून जो निसार सॅटेलाइट सोडला त्याच्याकडे ज्वालामुखीवाले डोळे लावून बसलेत, त्यात २४ सेंटिमीटरच्या लहरीचं रडार आहे आणि तो दर १२ दिवसांनी त्याच जागेवर येतो. आपल्याकडे त्याची बातमी आली ती रॉकेट गेलं, टाळ्या वाजल्या एवढ्यापुरतीच, खरं काम आता चालू झालंय.

एवढी सगळी यंत्रं असून माणसं मरतात का? मरतात. २२ डिसेंबर २०१८ ची रात्र, इंडोनेशियातलं अनाक क्राकाताऊ बेट. हा १८८३ मध्ये फुटलेल्या आणि ३६ हजारांहून जास्त लोकांचा जीव घेतलेल्या क्राकाताऊचा पोरगा, नावाचा अर्थच तो. काही महिने तो फुटतच होता, रोजचंच झालं होतं. त्या रात्री नऊच्या सुमाराला त्याची नैर्ऋत्येची बाजू सरळ समुद्रात घसरली, ३३८ मीटरचा डोंगर ११० मीटरवर आला, आणि अर्ध्या तासाच्या आसपास जावा-सुमात्राच्या किनाऱ्यावर सुनामी पोचली, ४३० हून जास्त लोक गेले. सायरन वाजला नाही. कारण सुनामीची सगळी यंत्रणा भूकंपावर बांधलेली होती, आधी मोठा भूकंप होणार, मग तो मोजणार, मग इशारा देणार. इथे मोठा भूकंप झालाच नाही, डोंगर घसरला. घसरणीचा धक्का यंत्रांवर आला होता, पण तो संथ, कमी कंपनसंख्येचा, नेहमीच्या भूकंपासारखा नाही, त्यामुळे सिस्टिमने त्याला ओळखलंच नाही, आणि सुरुवातीला तर ही भरतीची लाट आहे असं सांगितलं गेलं.

यात जास्त चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे नंतर जुने रडारचे फोटो काढून बघितले तर ती बाजू कित्येक वर्षं हळूहळू समुद्राकडे सरकतच होती. माहिती होती, फक्त ती बघून कुणी निष्कर्ष काढलेला नव्हता. माझ्या मते ज्वालामुखीच्या बेटांबाबतीत लाव्हापेक्षा हा प्रकार जास्त भीतीदायक आहे, लाव्हा बहुतेक वेळा चालत येतो, माणूस पळू शकतो, डोंगराची बाजू गेली की समुद्र धावत येतो आणि तोही शेजारच्या बेटावर, जिथल्या लोकांना ज्वालामुखी आपला आहे असं वाटतही नसतं. जुनी उदाहरणं आहेत. १८८८ साली पापुआ न्यू गिनीजवळचं रिटर बेट असंच जवळपास सगळं घसरलं, सुमारे ५ घन किलोमीटर. हवाईच्या भोवतीच्या समुद्रतळावर सोनारने बघितलं तर डोंगराएवढाले दगड किनाऱ्यापासून लांबवर पसरलेले सापडले, त्यातला एक तीसेक किलोमीटर लांबीचा आहे, कधीकाळी बेटाची अख्खी बाजू निघून गेल्याचा पुरावा.

पण म्हणून लगेच व्हॉट्सअॅपवर फॉरवर्ड करू नका. स्पेनच्या ला पाल्मा बेटाचं असंच झालं. त्याची एक बाजू घसरली तर अमेरिकेपर्यंत राक्षसी सुनामी जाईल असा एक अंदाज २००१ मध्ये छापून आला होता, त्यावर नंतर बऱ्याच शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, पण २०२१ मध्ये तिथला ज्वालामुखी फुटला तेव्हा तो अंदाज धमकीसारखा जगभर फिरला, आपल्या ग्रुपवरपण आला होता. प्रत्यक्षात काय झालं? ११ सप्टेंबरला बारीक भूकंपांची रांग चालू झाली, धक्के दिवसागणिक वर सरकत गेले, जमीन दहा सेंटिमीटरच्या वर फुगली, आणि १९ तारखेला दुपारी जमीन फाटली. ८५ दिवस लाव्हा वाहिला, ३ हजारच्या आसपास इमारती गेल्या, पण सुमारे ७ हजार लोक हलवलेले असल्यामुळे एवढ्या मोठ्या उद्रेकात दगावला तो एक माणूस. आठ दिवस आधीपासून यंत्रं सांगत होती याचा हा फायदा. बाजूबिजू काही घसरली नाही.

उलट बाजूही सांगतो. ग्वादलूपच्या त्याच ला सूफ्रिएरवर १९७६ मध्ये भूकंप वाढले, वाफेचे स्फोट झाले, राख पडली, आणि सरकारने सत्तर हजारांवर लोकांना घरं सोडायला लावली, चार-एक महिने. क्लोद आलेग्र म्हणत होते हलवा, हारून ताझिएफ म्हणत होते काही होणार नाही, दोघंही नावाजलेले शास्त्रज्ञ, भांडण पेपरात आलं. मोठा उद्रेक झालाच नाही. लोक चिडले, शेती-धंदा बुडाला, आणि पुढच्या वेळी सांगितलं तर ऐकतील का हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा तिथे आजच्यासारखी यंत्रं नव्हती हे खरं, पण यंत्रं आली म्हणून हा पेच सुटलाय असं नाही. न्यूझीलंडचं वाकारी बेट घ्या, नोव्हेंबर २०१९ मध्ये धोक्याची पातळी वाढवलेली होती, तरी टूर चालू होत्या, ९ डिसेंबरला वाफेचा स्फोट झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते, त्यातले २२ गेले. वाफेच्या स्फोटाची पूर्वसूचना फार कमी मिळते, मॅग्मा वर यायची गरजच नसते, अडकलेलं गरम पाणी एकदम उकळलं की झालं.

ग्रीसचं सॅन्टोरिनी तुम्ही फोटोत बघितलं असेल, पांढरी घरं, निळे घुमट, लग्नाआधीचे फोटोशूट. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत तिथे हजारो बारीक भूकंप झाले, दहा हजारांहून जास्त लोक बोटीने-विमानाने निघून गेले. मॅग्माची एक उभी पाचर समुद्रतळाखाली आडवी सरकत गेली आणि वर न येताच थांबली. जवळच सात किलोमीटरवर पाण्याखाली कोलुंबो नावाचा ज्वालामुखी आहे, १६५० मध्ये तो फुटला तेव्हा सॅन्टोरिनीवर सत्तरएक माणसं मेली होती. तिथे जहाजातून दाबलेल्या हवेचे धमाके करून, त्याच्या लाटा तळावरच्या आणि बेटांवरच्या यंत्रांवर पकडून, त्या लाटेचं नुसतं पोचणंच नाही तर अख्खा आकार कॉम्प्युटरवर जुळवून बघितला. तेव्हा कोलुंबोच्या खाली दोन ते चार किलोमीटरवर वितळलेल्या मॅग्माची अशी एक खोली सापडली जी आधीच्या पद्धतींना दिसलीच नव्हती, आणि ती वर्षाला साधारण ४० लाख घनमीटरने भरत आलीय. टोंगालाही फुटायच्या पंधराएक मिनिटं आधी जमिनीत एक लाट उठली होती, ती साडेसातशे किलोमीटरवरच्या फिजीच्या भूकंपमापकावर आलेली आहे, पण हे कळलं नंतर, जुन्या नोंदी चाळताना.

हे सगळं सांगितलं की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो, मग आपला दख्खनचा ज्वालामुखी परत जागा होईल का, आणि त्याला जोडून किल्लारी. ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारी सोलापूरपासून शंभर किलोमीटरच्या आत, त्या पहाटे अंगणात येऊन बसलेली पिढी अजून आहे, आणि खाली लाव्हा उकळतोय म्हणणारेही अजून भेटतात. तसं काही नाही. दख्खनचा प्रवाह भारताखालून कधीच मागे राहिला. किल्लारीला नंतर ६१७ मीटर खोल बोअर मारून बघितलं, वरचा बसाल्ट ३४० मीटरच्या आसपासच निघाला, त्याच्याखाली अब्जावधी वर्षांपूर्वीचा जुना खडक, आणि त्या जुन्या खडकातल्या जुन्या भेगेवर ताण साठत जाऊन तो ६.२ चा भूकंप झाला. ज्वालामुखीचा त्यात हात नाही. सोलापूरला धोका आहे तो बांधकामाचा, माळवदी घराच्या जाड मातीच्या छताचा, लाव्हाचा नाही.

भारतात जागता ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, पोर्ट ब्लेअर म्हणजे आताच्या श्री विजयपुरमपासून १४० किलोमीटरच्या आसपास. जेमतेम तीन किलोमीटर रुंद, समुद्रावर साडेतीनशे मीटर, पाण्याखाली मात्र दोन हजार मीटरहून जास्त. दीडशे वर्षं गप्प होता, १९९१ मध्ये उठला आणि नंतर अधूनमधून चालूच आहे. जानेवारी २०१७ मध्ये गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे लोक तिथे जवळच समुद्रतळाचे नमुने गोळा करत होते, तेवढ्यात त्यांच्या डोळ्यांदेखत त्याने राख सोडायला सुरुवात केली, दिवसा राखेचे ढग आणि अंधार पडल्यावर लाल कारंजी. वस्ती नाही म्हणून आपण त्याच्याकडे फार लक्ष देत नाही, पण अनाक क्राकाताऊवर तरी कुठे वस्ती होती. हैदराबादचं सुनामी इशारा केंद्र २००७ पासून चांगलं काम करतंय, समुद्रतळावर दाब मोजणारी यंत्रंही आहेत, तरी बॅरनच्या उतारांचं नियमित सोनार आणि तळावर कायमचे भूकंपमापक हे मला तरी निसारच्या बरोबरीने महत्त्वाचं वाटतं. बेटावरच यंत्र बसवायचं म्हटलं तर बोटीने जायचं, उतरायला धड जागा नाही, वीज नाही, आणि बसवलेलं यंत्र पुढच्या राखेत गाडलं गेलं की परत पहिल्यापासून सुरुवात.